नवतप्यातलं एक्केचाळीस

“कोनाले पटनार नाही, पन सांगून ठेवतो,” नत्थूलाल रहांगडाले म्हणाला, आणि ओट्यावर बसलेल्यांनी लगेच पाय पसरून घेतले.

दवनीवाड्यात या वाक्याचा अर्थ लहानथोर सगळ्यांना ठाऊक होता. त्र्याहत्तर वर्षांत नत्थूलालनं हे वाक्य बोलून काय काय सांगितलं नव्हतं! वैनगंगेच्या पुरात तो म्हशीची शेपटी धरून बालाघाटपर्यंत गेला होता, तोही प्रवाहाच्या उलट. त्याच्या बांधीत एका वर्षी धानाची एकच लोंबी अशी भरली की तिला टेकू द्यायला सागाची बल्ली रोवावी लागली. हिवाळ्यात एकदा त्याचे शब्द तोंडातून निघता निघताच गोठले होते, आणि बायकोला मारलेली हाक तिला होळीला ऐकू आली होती.

ओट्याचा एक कायदा होता. गोष्ट जिथं हाताबाहेर गेली असं वाटेल तिथं ऐकणाऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, “हे खोटं!” मनात ओळखून उपयोग नाही, कानात कुजबुजूनही नाही, चार माणसांत, मोठ्यानं. कोणी म्हटलं की गोष्ट तिथल्या तिथं बंद. मग नत्थूलाल वाद घालत नसे. आत हाक मारून पकडणाऱ्याला चहा पाजत असे. या चहाचा सगळ्यात मोठा वाटेकरी शेजारचा सेवकराम. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. बिनतिकिटाचा प्रवासी म्हणे वासावरून ओळखायचा.

पण त्या दिवशी दुपारी अडीच वाजता नत्थूलालनं ते वाक्य उच्चारलं तेव्हा त्याचे कान घरात लागले होते. आतल्या खोलीत त्याची नात ओमेश्वरी बॅग भरत होती. साडेतीनला पुतण्या भोजराज तिला मोटारसायकलवरून गोंदियाच्या स्टेशनवर सोडणार होता. बॅगेत सगळ्यात वर एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती, आणि त्या वहीत नत्थूलालच्या हातचं असं काही होतं, की गेल्या तीन आठवड्यांत त्याला धड घास गिळवला नव्हता.

*

ओमेश्वरी नागपूरला एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. करते काय, हे गावाला कळायला दोन दिवाळ्या लागल्या. पहिल्या दिवाळीत ती म्हणाली, “रेणू बनवते.” सेवकराम म्हणाला, “ते तं देव बनवते.” दुसऱ्या दिवाळीत तिनं आजोबांना अंगणात बसवलं आणि रांगोळीनं जमिनीवर माळच्या माळ काढली.

“हे बघा आबाजी. कार्बनची कडी कडीत अडकवायची, अशी लांब माळ करायची. त्याले पॉलिमर म्हणतात. एक माळ देणारी, दुसरी घेणारी. ऊन पडलं की देणारीच्या हातून इलेक्ट्रॉन सुटतो, घेणारी झेलते. असं झेलत झेलत तो तारेपर्यंत गेला की झाली वीज.”

“म्हंजे पंगत,” नत्थूलाल म्हणाला. “वाढनारे न जेवनारे.”

“बरोब्बर! पण पंगत सरळ बसली पाहिजे. लोक आडवेतिडवे बसले तर वाढपी पोचतच नाही. आणि गरमी झाली की हे रेणू पंगतीतून उठून भटकतात.”

मग तिनं माळेला बाजूनं बारीक शेपट्या काढल्या. या शेपट्यांमुळेच म्हणे माळ विरघळते, शाईसारखी होते, आणि वर्तमानपत्र छापावं तशी प्लास्टिकवर छापता येते. शेपटी आखूड पडली तर माळ विरघळत नाही, लांब झाली तर पंगत मोडते. नेमकी किती लांब, हे शोधण्यात तिची दोन वर्षं गेली होती.

“नत्थूभाऊ,” सेवकराम म्हणाला, “तुमी गोष्टीईले शेपट्या लावता, नात रेनूईले लावते. रक्तातच हाये.”

सगळे हसले. सगळ्यात जास्त नत्थूलाल हसला. आपलं काहीतरी पोरीत उतरलं, या विचारानं त्याची छाती अशी फुगली की त्या रात्री तो कुशीवर वळू शकला नाही. हे तोच सांगायचा.

एप्रिलच्या एक तारखेला ती अशा माळा छापलेली एक पट्टी घेऊन आली. पोस्टकार्डाएवढी, पातळ, पिकल्या जांभळाच्या सालीच्या रंगाची. दोन प्लास्टिकच्या मध्ये बसवलेली, चारी कडा डिंकासारख्या कशानं तरी बंद केलेल्या. तशाच दोन पट्ट्या प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली होत्या. ही तिसरी खऱ्या उन्हात ठेवायची होती, आणि खरं ऊन पाहायचं तर मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यासारखी जागा कुठली!

गोठ्याच्या टिनाच्या छपरावर तिनं ती पक्की बसवली. दोन तारा खाली आणल्या, हातात एक मीटर दिलं. “रोज बारा वाजता हे टोक इथं, ते तिथं. जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा. धूळ बसली तर कोरड्या फडक्यानं पुसायची. पाणी नाही लागू द्यायचं आबाजी. ही ऊन सोसेल, पाणी नाही सोसणार.”

जायच्या आधी ती फोनवर तिच्या मॅडमशी बोलत होती. मॅडमला शंका होती, घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या आकड्यांवर कसं विसंबायचं? नत्थूलाल दाराआड उभा होता, त्यानं ऐकलं. ओमेश्वरी म्हणाली, “मॅडम, माझे आबाजी गप्पा खूप मारतात, पण आकड्यात कधीच नाही. गावात कोणाच्याही खळ्यावर धानाचे कट्टे मोजायचे असले की त्यांनाच बोलावतात.”

ते खरंच होतं. चाळीस वर्षांत त्याच्या मोजणीत एक पोतं इकडचं तिकडे झालं नव्हतं.

*

सगळा एप्रिल आणि जवळजवळ सगळा मे तो बाराच्या ठोक्याला शिडीखाली हजर. बेचाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. ढग आला त्या दिवशी एकोणतीस. खरे आकडे, वाकडंतिकडं अक्षर, पण एकही खाडाखोड नाही.

मग पंचवीस मेला नवतपा लागला. ते नऊ दिवस म्हणजे सूर्य खाली उतरून माणसाच्या उशाशी बसतो. टिनाला हात लावला तर कातडं चिकटावं. नत्थूलालनं बाराचा आकडा लिहिला, एक्केचाळीस, आणि वर पाहिलं. जांभळी पट्टी उन्हात चमकत होती. त्याला वाटलं, जळून राहिली बिचारी. पोरीची दोन वर्षं जळून राहिली.

आयुष्यात त्यानं एकच गोष्ट हजार वेळा पाहिली होती. उन्हानं मरायला टेकलेलं पाण्यानं जगतं. माठाभोवती ओलं बारदान गुंडाळलं की पाणी गार, आंब्याच्या रोपावर ओलं बारदान टाकलं की रोप हिरवं, लू लागलेल्या माणसाच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं की तो डोळे उघडतो. पोर म्हणाली होती पाणी लागू देऊ नका. पण तिनं नवतप्यात टिनावर हात थोडाच ठेवून पाहिला होता? आणि पाणी तो पट्टीवर कुठं टाकणार होता? बारदान ओलं, पट्टी कोरडी. त्यानं बारदान भिजवलं, पिळलं, आणि हळूच पट्टीवर अंथरलं. चार वाजता काढलं. सलग चार दिवस.

दुसऱ्या दिवशी आकडा चाळीस. तिसऱ्या दिवशी सव्वीस. चौथ्या दिवशी अकरा. पाचव्या दिवशी मीटरवर शून्य आलं आणि नत्थूलालला आधी मीटरच बिघडलं असं वाटलं. शिडीवर चढून पाहिलं तर पट्टीच्या एका कडेनं पांढरट फोड आत सरकला होता, दुधात नासकी गाठ धरावी तसा. ती पाण्याची वाट होती.

त्यानं बोटानं फोड दाबून पाहिला. खालून बायको शांतीबाईनं विचारलं, “काय झालं?”

“काही नाही.”

वही उघडली तेव्हा सव्वीस आणि अकरा अजून लिहायचे राहिले होते. दोन दिवस तो उद्या सुधारेल म्हणून थांबला होता. आता त्यानं पेन उचललं आणि लिहिलं, एक्केचाळीस. खाली, चाळीस. खोटं कसं बोलावं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. सगळे आकडे सारखे लिहिले तर डोळ्यांत भरतं, म्हणून मध्ये एकोणचाळीस. पुढचे दिवसही असेच लिहीत गेला; एका दिवशी धूळ उडाली होती, म्हणून सदतीस, आणि समोर प्रामाणिकपणे ‘धूळ’. इतकं नेटकं खोटं त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. म्हशीच्या शेपटीची गोष्ट ऐकून कोणाचं काही बिघडत नाही, कारण ती खरी मानायला कोणी बसलेलंच नसतं. ही मात्र इतकी लहान होती, इतकी सपक होती, की तिच्यावर कोणी ओरडणार नव्हतं. लिहिताना त्याचे कान तापले होते आणि ते नवतप्यानं नव्हे.

शांतीबाई दारात उभी होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण नवरा वाचता येत होता.

“मीटर न लावताच लिहून राहिले?”

“तू चूप राय.”

“मी तं चूपच हावो. माह्या बारदानाचं काय केलं, हे बी मी विचारलं नाही.”

*

जूनच्या बारा तारखेला ओमेश्वरी येणार म्हणून फोन आला. नत्थूलालनं पट्टी काढली, फडक्यात गुंडाळली आणि धानाच्या कोठीत तळाशी खुपसली. ती आली, टिनाकडे पाहिलं, आणि त्यानं खरं सांगायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं, “वानर घेऊन गेलं ना वं बाई!”

काळ्या तोंडाची वानरं गावात रोज टिनावर नाचतात. तिला ते पटलं. हळहळली, मग वही उघडून बसली, आणि थोड्या वेळानं अशी किंचाळली की शांतीबाईच्या हातचं ताट पडलं.

“आबाजी! लॅबमधल्या दोन्ही पट्ट्या अर्ध्यावर आल्या! तुमची एक्केचाळीसवर! नवतप्यात!”

दोन दिवस ती जेवायला उठेना. कारण सापडलं होतं तिला. प्रयोगशाळेतला दिवा चोवीस तास चालू. इथं मात्र रात्र होते. “रात्री माळा पुन्हा सरळ बसतात, आबाजी. पंगत उठते, आराम करते, सकाळी पुन्हा बसते. कमी-जास्त सगळ्याच पट्ट्यांत थोडं होतं असं, पण इतकं? माझ्या शेपटीमुळे होतंय हे!” आता पुढचा रेणू त्याच्यावरच बेतायचा, आणखी एक वर्ष त्यालाच द्यायचं. बुधवारी बाहेरगावच्या मोठ्या मोठ्या लोकांसमोर ती उभी राहून हे सांगणार होती. मॅडमनं फोनवर शाबासकी दिली होती. तेव्हा ओमेश्वरी म्हणाली, “मी म्हटलं होतं ना मॅडम, आकड्यात नाही.”

नत्थूलाल तेव्हा बैलाच्या मागं जाऊन उभा राहिला. बैलाच्या तोंडाकडे पाहायचीही त्याला लाज वाटत होती.

तीन वेळा त्यानं सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा वानराची गोष्ट लांबली. दुसऱ्यांदा वानराला पिल्लू झालं. तिसऱ्यांदा ओमेश्वरीनं हसून त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, “आबाजी, पेपरात तुमचं नाव आभारात टाकते.” मग त्यानं वानराच्या पिल्लाचं बारसंही करून टाकलं.

निघायच्या दिवशी सकाळी शांतीबाई भाकर थापता थापता म्हणाली, “गाडी चार वाजता हाये.”

“माहीत हाये.”

“पोरगी लोकाईत तोंडघशी पडन. आज नाही तं दोन वर्सानं. तवा तिले समजन आपला आबाजी कसा होता.”

“कसं सांगू? तोंड उघडलं का गप्पाच निघते.”

शांतीबाईनं भाकर उलटली. “तं मंग गप्पाच सांगा.”

*

“वानरानं पट्टी नेली हे तुमाले माहीत हाये,” नत्थूलाल ओट्यावर सांगत होता. “पन मंग काय झालं, हे कोनाले माहीत नाही.”

“आली का शेपटी!” सेवकरामनं तंबाखू मळायला घेतला.

“तं त्या म्होरक्या वानरानं पट्टी डोक्याले बांधली. नवरदेवाचं बाशिंग कसं, तशी. आता उन्हात जिथी जाऊन बसे, तिथली वस्तू आपोआप चालू! भोजराजच्या फटफटीवर बसला, फटफटी चालू.”

“माही तं किक मारून बी होत नाही,” भोजराज म्हणाला.

“पीठगिरनीवर बसला, गिरनी चालू. अर्धा गाव दळन घेऊन धावला. मंग सेवकरामच्या खिडकीत बसला. अकरा वर्सं मेलेला रेडिओ बोलाले लागला.”

“माहा रेडिओ?”

“तुमचाच.”

“काय बोलला?”

“तिकीट दाखवा म्हनला.”

ओटा हसून हसून आडवा झाला. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज थांबला. ओमेश्वरी हसत दारात येऊन उभी राहिली. सेवकरामनं डोळे पुसले, हात वर केला, तोंड उघडलं.

“थांबा सेवकराम,” नत्थूलाल म्हणाला. “खोटं अजून आलंच नाही.”

सेवकरामचा हात हवेतच राहिला.

“वानराच्या आधीची गोष्ट आयका. नवतपा लागला. बारा वाजता मीटर लावलं. एक्केचाळीस.” त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. “दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस. चवथ्या दिवशी चाळीस. पाचव्या दिवशी एकोणचाळीस.”

“हे तं वहीतच हाये ना काका,” भोजराज कंटाळून म्हणाला. “वानराचं सांगा.”

“कोनी काही म्हनत काऊन नाही?”

“यात काय म्हनाचं?”

चाळीस वर्षं या ओट्यावर नत्थूलालनं माणसांना खोटं पकडायला शिकवलं होतं, आणि आज समोर ठेवलेलं कोणाला दिसत नव्हतं. नातीकडे पाहायची त्याची हिंमत नव्हती. तो ओट्याच्या दगडातल्या भेगेकडे पाहून बोलू लागला.

“कोनाले पटनार नाही. पन त्यातले चार दिवस रोज बारा ते चार त्या पट्टीवर बारदान होतं. ओलं. नात म्हनली होती पानी लागू देऊ नका. तिच्या आबाजीले वाटलं, आपुन तिच्यापेक्षा शहाने. हौदात बुडवून काढलेलं बारदान, पानी गळून राहिलं कडेकडेनं. अन तरी बी आकडा एक्केचाळीस! कडेनं हातभर पांढरा फोड आला, तरी चाळीस! पट्टी मेली, मीटरवर शून्य, अन वहीत एकोनचाळीस! एका दिवशी तं धूळ बी उडाली. सदतीस!”

भोजराजनं मोटारसायकलची किल्ली खिशात घातली. सेवकरामनं वर धरलेला हात हळूच खाली आणला आणि मळलेली तंबाखू तशीच मुठीत मिटली. त्याला सगळं कळलं होतं. बिनतिकिटाचा माणूस त्याच्या समोर बसला होता. पण हा चहा त्याला प्यायचा नव्हता.

ओमेश्वरी आत गेली. नत्थूलालला वाटलं, गेली. आता बॅग उचलेल आणि मागच्या दारानं निघून जाईल. ती वही घेऊन परत आली. पायरीवर, त्याच्याहून एक पायरी खाली बसली आणि पानं उलटू लागली. सव्वीस मेपर्यंत अक्षर वाकडंतिकडं होतं. नंतरचं अक्षर सरळ, एका ओळीत, एका बैठकीत लिहिल्यासारखं.

“ओलं?” तिनं हळू विचारलं.

“पिळलं होतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “पन ओलंच.”

“आणि वानर?”

“धानाच्या कोठीत हाये. खाली. फडक्यात.”

ती वहीकडे पाहत राहिली. तिच्या मानेवर घामाचा थेंब उतरला, तिनं तो पुसला नाही. रात्रीचा आराम, सरळ बसणाऱ्या माळा, पुढचं वर्ष, बुधवार. नत्थूलालला ते सगळं तिच्या झुकलेल्या मानेवर दिसत होतं. धानाचे कट्टे मोजणारी त्याची दोन बोटं आपोआप एकमेकांवर घासली जात होती. हे नुसतं हळू बोलून संपवता आलं असतं. पोरीनं वही मिटून नुसतं उठून जायचं, आणि गावात कोणी पुन्हा विषय काढला नसता. पण मग ती ते आकडे फाडेल का जपेल, हे त्याला कधीच कळलं नसतं.

“ओमेश्वरी,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्यानं मान वर केली. “कायदा माहीत हाये ना तुले? मनात म्हनून नाही चालत.”

आत शांतीबाईनं चहाचं भांडं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

ओमेश्वरी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, ओठ घट्ट आवळलेले होते. वहीतली सरळ अक्षरांची पानं तिनं एका मुठीत धरली, आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आबाजी, हे खोटं!”